घड्याळ कुठल्या मनगटावर? डावखुऱ्या माणसाच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय तिशीच्या आत. लिहिणं डाव्या हाताने, पण लहानपणी लावलेल्या वळणामुळे जेवण उजव्या. रोज डोंबिवली ते सीएसएमटी लोकल, दिवसभर लॅपटॉप, सुट्टीला मोटरसायकल. घड्याळं तीन: वडिलांचं एचएमटी जनता, स्वतः घेतलेलं ४२ मिलिमीटरचं स्टीलच्या चेनचं ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं) आणि एक स्मार्टवॉच. सगळे घालतात म्हणून आजवर तिन्ही डाव्या हातात घातली. आता ऑटोमॅटिकची चावी पंजाच्या मागे रुतते आणि लिहिताना चेन टेबलावर घासते. उजव्या हातात घालावं म्हटलं तर घरातले म्हणतात, उजव्या हातात बायका घालतात. मग घालायचं कुठे?

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. घड्याळ कुठल्या मनगटावर जास्त टिकेल हा एक, आणि कुठल्या मनगटावर ते टोचणार नाही व हवं तेव्हा दिसेल हा दुसरा. सगळी कामं उजव्या हाताने करणाऱ्याला दोन्हींचं उत्तर डावं मनगट असंच मिळतं, म्हणून त्याला हा प्रश्न सहसा पडत नाही. तुमची कामं दोन हातांत वाटलेली आहेत, त्यामुळे ती वाटणी नीट तपासावी लागेल. माझं मत आधीच सांगून टाकतो: जनता आणि ऑटोमॅटिक उजव्या मनगटावर न्या. स्मार्टवॉचही तिकडे नेता येईल, पण सेटिंग बदलल्याशिवाय नाही. माऊस कुठल्या हातात धरता हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर यातला एक भाग फिरू शकतो, तो पुढे येईल.

घरातल्यांचा मुद्दा लगेच निकालात निघतो. एचएमटीचं असो की टायटनचं, नेहमीचं लेडीज घड्याळ हातात घेऊन पाहा. केस, म्हणजे यंत्राभोवतीचं धातूचं कवच, लहान, पट्टा अरुंद, पण चावी तीनच्या आकड्यापाशीच. बायकांचं घड्याळ उजव्या मनगटासाठी बनवायचं असतं तर चावी नऊपाशी गेली असती. युरोपात तर पहिल्या महायुद्धाच्या आधी मनगटी घड्याळ हा बायकांचाच दागिना समजला जायचा आणि पुरुष खिशात साखळीचं घड्याळ ठेवायचे. खंदकात कोटाची बटणं सोडून खिशातलं घड्याळ काढणं जमेना, तेव्हा सैनिकांनी ते मनगटावर बांधलं. तेव्हा पुरुषी हात, बायकी हात हा वाद घड्याळाच्या यंत्राला ठाऊक नाही.

चावी तीनपाशीच का, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे, कारण तुमची अडचण तिथूनच सुरू होते. खिशातल्या घड्याळांचे मुख्य दोन प्रकार होते. उघड्या तोंडाच्या घड्याळात चावी बारापाशी असायची आणि झाकणवाल्यात तीनपाशी. छोटा सेकंदकाटा दोन्हींत सहापाशी. मनगटावर बांधायला झाकणवाल्या घड्याळाचं यंत्र सोयीचं पडलं, कारण बारा आणि सहाच्या बाजूंना पट्टा जोडायचा असतो आणि चावी त्याच्या आड येत नव्हती. शिवाय घड्याळ डाव्या मनगटावर असलं की तीनची बाजू पंजाकडे येते आणि उजव्या हाताच्या चिमटीत चावी सापडते. ती मांडणी तशीच पुढे चालत आली.

तेच घड्याळ उजव्या मनगटावर बांधलं की चावी कोपराकडे जाते. यातून बऱ्याच गोष्टी ठरतात. हात टेकून पंजा मागे वाकवला, म्हणजे मोटरसायकलच्या हँडलवर, जोर काढताना किंवा खुर्चीतून उठताना, तर डाव्या मनगटावरची चावी हाताच्या पाठीत घुसते. उजव्या मनगटावर तिथे चावी नसतेच, केसची गुळगुळीत बाजू असते. म्हणजे तुम्हाला होणारा त्रास नुसता हात बदलल्याने बराचसा जाईल. बराचसा म्हणतोय, सगळा नाही. ४२ मिलिमीटरचं घड्याळ सैल चेनवर घसरून पंजाच्या सांध्यावर आलं, तर केसची कडही टोचते. घड्याळाची जागा मनगटाच्या बाहेरच्या बाजूला जे हाड वर आलेलं असतं त्याच्या मागे, कोपराच्या बाजूला आहे. ते तिथेच राहील इतकी चेन आधी घट्ट करून घ्या. पुष्कळांची चावी रुतण्याची तक्रार एक कडी काढल्यावरच संपते.

उजव्या मनगटावर गैरसोय एकच: घड्याळ हातात असताना चावी फिरवायला डाव्या हाताला उलटं वळावं लागतं. ही गैरसोय मला फायद्याची वाटते. हातात बांधलेल्या घड्याळाला कुठल्याच बाजूने चावी देऊ नये. मनगट मध्ये येत असल्याने चिमटी चावीला दोन्ही बाजूंनी सारखी धरू शकत नाही, बोटं ती किंचित बाहेर आणि वर ओढत फिरवतात. त्या तिरक्या जोराने आतली बारीक दांडी, म्हणजे स्टेम, आणि ती ज्या नळीतून जाते ती नळी एका बाजूला झिजते. नळी झिजली की चावी डगडगते आणि तिच्यातली रबरी रिंग घट्ट बसत नाही. मग पाणी तिथून शिरतं. एका बाजूला झिजलेली नळी दिसली की घड्याळ हातातच चावी देऊन वापरलंय, हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो. तेव्हा घड्याळ काढा, डायल आपल्याकडे करून डाव्या हातात धरा आणि उजव्या अंगठ्याने व तर्जनीने चावी पुढे फिरवा. तुमचा डावा हात सफाईदार असेल तर धरायचे हात बदला, त्याने काही बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हात खाली सोडून चालताना डाव्या मनगटावरच्या घड्याळाची चावी जमिनीकडे असते, उजव्यावरच्या घड्याळाची आकाशाकडे. यांत्रिक घड्याळातलं बॅलन्स चक्र, म्हणजे पुढेमागे डोलत वेळ मोजणारं चाक, कितीही काळजीने समतोल केलं तरी उभ्या अवस्थांमध्ये गुरुत्वाकर्षणाचा परिणाम थोडा वेगळा होतो. त्यामुळे चावी खाली आणि चावी वर या दोन अवस्थांत एकाच घड्याळाच्या चालीत दिवसाला काही सेकंदांचा फरक पडू शकतो. हात बदलल्यावर तुमचं ऑटोमॅटिक थोडं पुढे किंवा मागे जायला लागलं तर ते बिघडलं असं समजू नका. आठवडाभर फरक लिहून ठेवा आणि पुढच्या सर्व्हिसिंगला ते उजव्या हातात असतं हे घड्याळवाल्याला सांगा. चाल जुळवताना तो त्या अवस्थेकडे जास्त लक्ष देईल. सेलच्या, म्हणजे क्वार्ट्झ घड्याळात हा फरक पडत नाही.

आता टिकण्याबद्दल. यांत्रिक घड्याळाला खरी भीती धक्क्याची. बॅलन्सच्या अक्षाची दोन्ही टोकं केसाइतकी बारीक, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी जाडीची असतात आणि सगळ्या चक्राचा भार त्यांच्यावर असतो. धक्का सोसायला वरखाली स्प्रिंगवर बसवलेले खडे असतात. जुन्या एचएमटीच्या अनेक डायलवर ‘पॅराशॉक’ लिहिलेलं दिसतं ते याचंच. ही सोय घड्याळ हातातून टेबलावर पडलं तर कामी येते. तासभर हातोडा मारणं, गोलंदाजी किंवा बॅडमिंटनचा स्मॅश यासाठी ती नाही. एकाच दिशेचे पुनःपुन्हा बसणारे हादरे अक्षाची टोकं चपटी करतात आणि स्क्रू ढिले करतात. म्हणून ज्या हाताने फटका मारता, त्या हातात यांत्रिक घड्याळ नको. गणपतीत ढोल वाजवणार असाल तर दोन्ही हातांतून उतरवा: एका हातात टिपरू असतं, दुसऱ्या हाताने थाप मारायची असते, आणि उसळणारा हादरा दोन्ही मनगटांत जातो.

तुमचं लिहिणं डावं म्हणून फेकणं, मारणंही डावंच असेल असं गृहीत धरू नका. लिहायला डावे आणि बॅटिंगला उजवे असे पुष्कळ जण असतात. यासाठी साधा उपाय आहे. एक कामाचा दिवस निवडा, कागदाचे दोन रकाने करा आणि झोपेपर्यंत कुठल्या हाताने काय केलं ते लिहा. कुलूप उघडणं, पिशवी उचलणं, दांडा धरणं, चेंडू फेकणं, लिहिणं, माऊस, भांडं घासणं. ज्या रकान्यात धक्का, घासणं आणि पाणी कमी, त्या हातात घड्याळ. पसंती आणि रिवाज यांचा विचार त्यानंतर.

मुंबईतल्या दिवसात या यादीतली सगळ्यात वजनदार नोंद लोकलची असते. गाडीत चढताना दारातला उभा दांडा ज्या हाताने झटकन धरला जातो, त्या मनगटावरचं घड्याळ दांड्यावर आपटतं. वेग, गर्दी आणि शरीराचं वजन एकत्र येतं तो क्षण हाच. काचेला कडेवर बसलेले टवके आणि केसवरचे लांब ओरखडे अशा धातूवर धातू आपटण्यातूनच येतात. तुम्ही कुठला हात आधी पुढे करता ते आठवडाभर पाहा. बहुतेकांचा जोराचा हात आपोआप पुढे जातो. तुमचा तो डावा असेल तर उजव्या मनगटाच्या बाजूने आणखी एक मत पडलं. आत गेल्यावर वरचं हँडल धरलेला हात तसा सुरक्षित असतो. खाली राहिलेला हात लोकांच्या बॅगांच्या चेन, बकलं आणि डब्यांच्या पातळीवर असतो आणि तिथेच जास्त ओरखडे बसतात. हँडल धरलेल्या हातातल्या घड्याळात वेळ बघायला मान वर करावी लागते. त्यासाठी काही जण डायल मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून घालतात. स्टिअरिंग धरणाऱ्यालाही ते सोयीचं. पण टेबलावर हात ठेवून काम करणाऱ्याने तसं करू नये, कारण मग चेनऐवजी काचच टेबलावर घासते.

ऑफिसात तुमच्या बाबतीत दोन गोष्टी पाहायच्या. लिहिताना हात कागदावरून सरकतो आणि चेनचं बकल टेबलावर घासतं. लिहिणाऱ्या हातातून घड्याळ काढलं की हा प्रश्न संपतो. माऊसचं वर सांगितलंय ते इथे येतं. लिहायला डावे असलेले बरेच जण माऊस उजव्या हाताने वापरतात, कारण ऑफिसात तो तिथेच ठेवलेला असतो. तसं असेल तर उजव्या मनगटावरही चेन टेबलावर घासेल, आणि दिवसभराच्या माऊसपुढे लिहिणं थोडंच होत असेल. अशा वेळी हात बदलण्याआधी पट्टा बदला. कातडी किंवा रबरी पट्ट्याचं बकल चेनच्या बकलाहून चपटं असतं आणि टेबलावर कमी अडतं. लॅपटॉपच्या कडेवर स्टीलचं बकल घासलं की दोन्हींवर ओरखडे येतात, हे दोन्ही हातांना लागू.

जेवणाचा मुद्दा तुम्ही जाता जाता लिहिलाय, पण तो महत्त्वाचा आहे. आपण उजव्या हाताने जेवतो आणि जेवणाआधी व नंतर तोच हात नळाखाली जातो. वरण-भात मनगटापर्यंत सहसा पोचत नाही, पण साबणाचं पाणी पोचतं. साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे ते पाणी जुन्या रबरी रिंगच्या फटीत साध्या पाण्याहून सहज शिरतं. तेलकट साबणाचा थर चेनच्या कड्यांमध्ये साठतो, घामाशी मिसळून काळा होतो आणि कड्यांच्या पिना झिजवतो. उजव्या हातात घालणार असाल तर हात धुताना घड्याळ उतरवा किंवा चार बोटं वर सरकवा. चेन महिन्यातून एकदा कोमट पाण्यात, मऊ टूथब्रशने आणि थेंबभर भांड्याच्या साबणाने साफ करा. जनतासारख्या घड्याळाची चेन असेल तर ती केसपासून सोडवून वेगळी धुवा. डाव्या हाताला पाणी लागत नाही असं मात्र नाही. संडासात डावाच हात वापरला जातो आणि जेट स्प्रेचा दाब नळापेक्षा जास्त असतो. या विषयावर कुणी बोलत नाही, पण डाव्या मनगटावरच्या घड्याळात पाणी शिरण्याचं ते एक अगदी रोजचं कारण आहे. तात्पर्य, पाण्याच्या हिशेबात दोन्ही हात जवळपास सारखे. खरा फरक रिंग किती जुनी आहे यावर पडतो.

पावसाळ्यात एक बारीक गोष्ट. हँडल किंवा छत्री धरलेल्या हातावरून पाणी बोटांकडून कोपराकडे वाहतं. डाव्या मनगटावर ते थेट चावीवर येतं, उजव्यावर केसला वळसा घालून जातं. फरक छोटा आहे, त्यावर विसंबू नका. मागच्या झाकणावर ३ बार किंवा ३० मीटर लिहिलेलं घड्याळ शिंतोडे सहन करतं, एवढाच त्याचा अर्थ घ्या. ते ३० मीटर खोल पाण्यात जाण्यासाठी नसतं. रोज भिजण्याची शक्यता असेल तर १० बारचं आणि शक्यतो आट्यांच्या, म्हणजे स्क्रूसारखी फिरवून घट्ट बसवायच्या चावीचं घड्याळ हवं, आणि ती चावी प्रत्येक वेळी पूर्ण आवळलेली हवी. सेलचं घड्याळ असेल तर सेल बदलताना रिंगही तपासून घ्या. काचेच्या आत धुकं दिसलं तर तांदळाच्या डब्यात ठेवून वाट पाहू नका. चावी बाहेर ओढू नका, घड्याळ त्याच दिवशी उघडून घ्या. गंज महिनोन्‌महिने थांबत नाही, स्टेमवर तो काही दिवसांतच दिसायला लागतो.

आता घड्याळागणिक. जनता हे हाताने चावी द्यायचं घड्याळ, १७ ज्युएल्सचं (म्हणजे आतली झीज कमी करणाऱ्या खड्यांचं), सेकंदाला पाच ठोके. एचएमटीने बंगळूरच्या कारखान्यात जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये घड्याळं बनवायला सुरुवात केली, तो वारसा या यंत्रात आहे. यात चावी हाताने द्यायची असल्याने कुठला हात जास्त हलतो याचा काही संबंध नाही. कमी धक्क्याचा हात एवढाच निकष, म्हणजे तुमच्यासाठी उजवा. रोज सकाळी साधारण ठरावीक वेळी, घड्याळ हातातून काढून, चावी जड लागेपर्यंत फिरवा आणि जड लागली की थांबा. पुढे जोर केला तर स्प्रिंग किंवा तिच्या टोकाचा आकडा तुटतो. काच अॅक्रिलिकची असते: ओरखडे लवकर पडतात, पण बारीक ओरखडे पॉलिश पेस्टने घासून जातात. पाण्यापासून संरक्षण जवळजवळ नाही, म्हणून जून ते सप्टेंबर ते लोकलला नेऊ नका. वर्षभर न घालता ठेवलं असेल तर आधी सर्व्हिसिंग करून घ्या. वाळून चिकट झालेल्या तेलावर घड्याळ चालवलं तर अक्षांची टोकं झिजतात.

ऑटोमॅटिकबद्दल सर्रास सांगितलं जातं की ते जास्त हलणाऱ्या हातात घाला, नाहीतर बंद पडेल. हे अर्धं खरं आहे. चालताना दोन्ही हात हलतात, आणि घरातून स्टेशन, स्टेशनातून ऑफिस इतकं चालणाऱ्याचं घड्याळ कमी वापराच्या हातावरही पुरेसं भरतं. दिवसभर टेबलाशी बसून राहणाऱ्याचं किंवा घरून काम करणाऱ्याचं मात्र सकाळी बंद पडलेलं सापडू शकतं. त्यावर उपाय हात बदलणं हा नाही, सकाळी घड्याळ काढून हाताने २० ते ३० फेरे चावी देणं हा आहे. बहुतेक नव्या ऑटोमॅटिकना हातानेही चावी देता येते. सेइकोच्या जुन्या ७एस२६ यंत्राला येत नाही, ते हलकेच आडवं हलवून सुरू करावं लागतं. जास्त हलणाऱ्या हातात स्प्रिंग जास्त भरून तुटेल ही भीतीही नको. ऑटोमॅटिकची स्प्रिंग पूर्ण भरली की ती ज्या डब्यात गुंडाळलेली असते त्याच्या भिंतीवरून घसरते, तशीच तिची रचना असते. जाता जाता सांगतो, सेइको फाइव्हच्या अनेक मॉडेलांत चावी तीनऐवजी चारपाशी असते आणि डाव्या मनगटावरही रुतत नाही. पुढचं घड्याळ घेताना हे लक्षात ठेवा.

चावी मुद्दाम डावीकडे ठेवलेली घड्याळंही मिळतात. ट्यूडरने २०१६ मध्ये पेलॅगोस या मॉडेलची अशी आवृत्ती काढली आणि रोलेक्सने २०२२ मध्ये हिरव्या-काळ्या बेझलचं, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याचं, असंच जीएमटी मास्टर २ आणलं. उजव्या मनगटावर ती घातली की चावी पंजाकडे येते, म्हणजे चावीपर्यंत पोचणं सोपं होतं आणि रुतणंही परत येतं. पंजाच्या मागे रुतण्याची तुमची तक्रार आहे, त्यामुळे तुम्हाला ती उपयोगाची नाहीत.

स्मार्टवॉचमध्ये यांत्रिक कारणं उरत नाहीत, पण हात महत्त्वाचा असतो. पावलं मोजणारा सेन्सर मनगटाच्या हालचालीवरून अंदाज बांधतो. जास्त कामाच्या हातात तो भाजी चिरणं, भांडी घासणं यालाही अधूनमधून पावलं समजतो. म्हणून अॅपमध्ये कुठला हात ते विचारतात. फिटबिटमध्ये प्रमुख हात की दुसरा असा पर्याय असतो. अॅपल वॉचमध्ये आयफोनवरच्या वॉच अॅपात जनरल, मग वॉच ओरिएंटेशन इथे मनगट आणि क्राउनची, म्हणजे चावीची, बाजू दोन्ही निवडता येतात. उजवं मनगट, क्राउन डावीकडे असं ठेवलं की पडदा उलटा होतो, घड्याळही उलटं बांधायचं आणि क्राउन पंजाकडे येतो. हे सेटिंग न बदलता हात बदलला तर ईसीजीचा आलेख उलटा येऊ शकतो, कारण तो दोन हातांमधला विद्युतदाबाचा फरक मोजतो आणि डावा-उजवा यावर आलेखाची दिशा ठरते. नाडी मोजणाऱ्या हिरव्या दिव्यांसाठी घड्याळ हाडाच्या मागे बोटभर वर आणि हलणार नाही इतकं घट्ट हवं. त्या जागी गडद गोंदण असेल तर दुसरा हात निवडा.

बांगड्या, कडं आणि धागे. स्टील सोन्यापेक्षा कठीण असतं, त्यामुळे पाटली आणि स्टीलचं घड्याळ एकाच हातात असलं तर झीज सोन्याची होते. काचेच्या बांगड्या जनतासारख्या अॅक्रिलिक काचेवर रेघा पाडतात. बायकांसाठी म्हणून माझा सल्ला एवढाच असतो: घड्याळाच्या हातात बांगड्या नकोत किंवा घड्याळ कातडी पट्ट्याचं हवं. तुमच्या उजव्या हातात देवाचा धागा किंवा राखी असेल तर एक लक्षात घ्या. ओला धागा केसच्या मागे दबून राहतो, कातडी पट्टा कुजवतो आणि त्वचेला खाज आणतो. उजव्या हातात स्टीलचं कडं असेल तर ऑटोमॅटिक तिथे नेऊ नका.

काही वेळा निर्णय घड्याळ बघून घ्यायचाच नसतो. डायलिसिससाठी हातावर फिस्टुला (धमनी आणि शीर यांची जोडणी) केला असेल तर त्या हातात घड्याळ नको. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला घट्ट काही बांधायचं की नाही हे डॉक्टरांना विचारा. पेसमेकर असेल तर चुंबकाने चिकटणारे पट्टे आणि चार्जर त्याच्यापासून १५ सेंटिमीटर दूर ठेवा. घट्ट पट्ट्याने अंगठ्याच्या मागच्या बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या येत असतील तर तिथून जाणारी त्वचेजवळची नस दाबली जातेय. घड्याळ सैल करा, काही दिवस दुसऱ्या हातात घाला, तरी गेलं नाही तर दाखवा. केसखाली गोल चट्टा उठत असेल तर बहुधा निकेलची अॅलर्जी. हात बदलून चट्टा फक्त दुसऱ्या मनगटावर जाईल, घड्याळाचा धातू किंवा पट्टाच बदलावा लागेल.

हात बदलताना मापाचं विसरू नका. जोराच्या हाताचं मनगट बहुतेकांचं थोडं जाड असतं, त्यामुळे डाव्या मनगटावर बसवलेली चेन उजव्यावर सैल पडू शकते. कातडी पट्ट्याच्या दोन भोकांत साधारण सहा-सात मिलिमीटर अंतर असतं. मध्ये अडलात तर बाजूला एक भोक पाडून घ्या. चेनच्या बकलवर बारीक भोकं असतात, कडी काढण्याआधी तिथली पिन सरकवून पाहा. माप दुपारनंतर घ्या, सकाळी एसीत बसून नको, कारण मुंबईच्या उकाड्यात मनगट संध्याकाळपर्यंत फुगतं. करंगळी चेनखाली सरकली पाहिजे, पण घड्याळ हाडावरून पंजाकडे उतरता कामा नये. पट्टा मात्र उलटा करायची गरज नाही, कारण दोन्ही मनगटांवर बाराची बाजू करंगळीकडे आणि सहाची अंगठ्याकडेच येते.

सुरुवात ऑटोमॅटिकपासून करा. पंधरा दिवस ते उजव्या हातात घाला आणि पहिले तीन-चार दिवस रिकाम्या डाव्या मनगटाकडे बघत राहिलात तरी परत फिरवू नका, सवय तेवढ्यात बदलते. पंधरा दिवसांनी केस, काच आणि बकल भिंगाखाली पाहा आणि नवे ओरखडे कुठे आलेत ते शोधा. बकलाखाली आले तर टेबल, केसच्या कडेवर आले तर लोकलचा दांडा, काचेवर आले तर बॅगा. त्याप्रमाणे पट्टा बदलायचा की पुन्हा हात, ते ठरवा. आणि चेनमधून काढलेल्या कड्या, पिना घड्याळवाल्याकडे सोडू नका. छोट्या पाकिटात घालून घड्याळाच्या डब्यात ठेवा, कारण हात पुन्हा बदललात तर त्याच मॉडेलच्या कड्या बाजारात मिळतीलच असं नाही.